शालनचं नवरात्र

"हात सैल सोड. काही लागणार नाही," असं म्हणत मृणालनं आईच्या दंडाला तो पांढरा ठोकळा टेकवला आणि दाबला. खट् असा आवाज झाला. शालननं डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा दंडाच्या मागच्या बाजूला जुन्या रुपयाएवढी एक चकती चिकटलेली होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आणि सुई?"

"सुई बाहेर आली. आत केसाएवढी तार राहिली आहे. ती रात्रंदिवस साखर मोजत राहील. आकडा बाबांच्या फोनवर येईल आणि माझ्याही."

"तुझ्या? पुण्यात?"

"हो, पुण्यात."

शालननं पदर ओढून दंड झाकला. आता स्वतःच्या घरातसुद्धा चोरून खायची सोय राहिली नाही, असं काहीसं ती पुटपुटली. पण ती खूश होती. खूश असली की ती मान जरा वाकडी करून बोलायची. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी ती वाकडी मान मला अजून स्वच्छ दिसते.

मीही खूशच होतो. मी दूरध्वनी खात्यातला माणूस. लाइनमन म्हणून खांबावर चढलो आणि सुपरवायझर होऊन उतरलो. तारेत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, ते मीटर सांगतं, एवढं एकच ज्ञान त्या नोकरीनं मला दिलं. साहेब म्हणायचे लाइन चालू आहे, ग्राहक म्हणायचा बंद आहे, मी दोघांचंही ऐकायचो नाही, मीटर लावून बघायचो. आणि घरात मात्र बायकोची साखर म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. सकाळी बोट टोचून एक आकडा घ्यायचा आणि त्यावर दिवस ढकलायचा. पोरीनं आईला मीटर लावलं, तेव्हा इतक्या वर्षांनी या घरात काहीतरी शहाणपणाचं झालं असं मला वाटलं.

हे सगळं चाललं होतं ते नवरात्रासाठी. आमच्या घरात घट बसतो. लग्न होऊन आली त्या वर्षापासून शालननं नवरात्राचे उपवास केले. उठता-बसता नव्हे, पुरते नऊ दिवस. माझ्या आईनं तिच्या हातात दिलं आणि तिनं ते घेतलं. मी काही देवाधर्माचा माणूस नाही. आरतीला टाळ्या वाजवायचो, त्या बायकोच्या धाकानं. पण नवरात्रातली शालन मला आवडायची. एरवी भाजीवाल्याशी कचाकचा भांडणारी, माझ्या घोरण्यावरून चारचौघांत माझी अब्रू काढणारी बाई त्या दिवसांत आवाजसुद्धा चढवायची नाही. सकाळी टेकडीवरच्या देवीला जाऊन यायची, घटाला माळ घालायची आणि दिवसभर अशी वावरायची की घरात कुणी पाहुणं झोपलंय आणि त्याची झोप मोडता कामा नये.

त्याच्या दोन वर्षं आधी ते तुटलं. चौथ्या माळेला घटासमोर बसलेली असताना तिची साखर उतरली आणि ती तशीच पुढं कलंडली. समई लवंडली. मी धावत जाऊन तिच्या तोंडात साखर कोंबली, थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली आणि पहिला शब्द बोलली तो "दिवा?" दिवा विझला होता. मी म्हणालो, जाऊ दे, परत लावू. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून लवंडलेली समई सरळ करायला लागलो. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी उपवासाला साफ मनाई केली. शेजारच्या पडवळवहिनींनी येऊन आमचा घट बसवला आणि शालन खुर्चीत बसून भाकरी खात त्यांच्याकडं बघत राहिली. तेव्हापासून ती टेकडीवर गेली नव्हती. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायची. मी चेष्टा केली की देवी काय हजेरी घेते काय, तर उठून आत गेली.

म्हणून मृणालनं हे यंत्र आणलं. आईचं नवरात्र एकदा पुरं होऊ दे, एवढंच तिचं म्हणणं होतं. चकती लावून झाल्यावर आम्ही डॉक्टर आवट्यांकडं गेलो. आवटे आमच्याच गावचे, त्यांच्या घरीही घट बसतो. त्यांनी फोनवरचा आलेख बोटानं मागंपुढं करून बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग बराच वेळ आम्ही चौघं भगर, राजगिरा, रताळं आणि शेंगदाणे यांच्यावर बोललो. साबुदाण्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं. इन्सुलिन कमी केलं. आकडा सत्तरच्या खाली निघाला तर उपवास बघायचा नाही, सरळ साखर तोंडात टाकायची, देवीला मी सांगतो, असं डॉक्टर म्हणाले आणि शालननं त्यांना हात जोडले.

उठता उठता त्यांनी विचारलं, बाकी काही त्रास? शालन म्हणाली, काही नाही, उलट पायाच्या मुंग्या उन्हाळ्यापासून थांबल्यात. त्या मुंग्यांनी तिला दोन वर्षं रात्र रात्र झोपू दिलं नव्हतं. मृणाल म्हणाली, साखर ताब्यात आली की फरक पडतोच. डॉक्टरांचं लक्ष अजून आलेखात होतं. "छान," ते म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

आमच्याकडं नवरात्रात बायका पायात चप्पल घालत नाहीत. याला कुणी व्रत म्हणत नाही, कुणी मुद्दाम ठरवत नाही आणि कुणी कुणाला सांगायलाही जात नाही. घट बसला की चपला माळ्यावर जातात आणि दसऱ्याला उतरतात. शालनच्या चपला मऊ, निळ्या, जाड तळाच्या होत्या. डॉक्टरांनीच सांगितलेल्या, घरातसुद्धा घालायच्या. मी त्यांना नावा म्हणायचो. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिनं त्या धुतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आणि मी स्टुलावर चढून माळ्यावर ठेवल्या. तिचे गुडघे तिला चढू द्यायचे नाहीत.

मग ते दिवस सुरू झाले. फोन चकतीपासून लांब गेला की आकडा यायचा थांबायचा, त्यामुळं ती जाईल तिथं मला जावं लागायचं. सकाळी ती कठड्याला धरून टेकडीच्या पायऱ्या चढायची आणि चार पायऱ्या सोडून मी, हातात फोन घेऊन. लग्न झाल्यापासून मी तिच्या एवढा मागं मागं कधी फिरलो नव्हतो. देवळातल्या बायकांना चेष्टेला आयता विषय मिळाला. काकूंना कुणी पळवून नेणार आहे काय, असं एकीनं विचारलं. शालन मान वाकडी करून म्हणाली, "लग्नात सात पावलं कशीबशी चालले होते. आता सगळी भरून काढताहेत."

ती दर थोड्या वेळानं विचारायची, किती? मी सांगायचो, एकशे नऊ, बाण सरळ. आकड्याशेजारी एक बाण असतो. सरळ असला म्हणजे साखर जागच्या जागी आहे, खाली वळला म्हणजे उतरते आहे. दोन दिवसांत शालनला बाणांचं सगळं कळायला लागलं. चौथी माळ आली तेव्हा मी सकाळपासून फोन हातातून खाली ठेवला नव्हता. तिनं माळ घातली, हात जोडले, आणि मागं न बघता विचारलं, "किती?" मी म्हणालो, एकशे चार. सरळ. ती तशीच पाठमोरी बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.

सहाव्या माळेला आरतीच्या ऐन मध्यात फोन किंचाळायला लागला. बाण खाली वळला होता. सगळ्या देवळानं माझ्याकडं बघितलं. मी गर्दीतून घुसून शालनच्या तोंडात खजूर घातला, तिनं तो चघळत आरती पुरी केली. बाण हळूहळू सरळ झाला. पुण्याहून लगेच मृणालचा फोन आला. खजूर दिला ना, किती दिले, आता बसव तिला. त्या दिवशी घरी आल्यावर शालननं बोटावर कुंकू घेतलं आणि दंडावरच्या त्या चकतीला लावलं. "हे आईनंच पाठवलंय," ती म्हणाली. पुण्याच्या दुकानातून आलंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. खरं सांगायचं तर मलाही थोडंफार तसंच वाटायला लागलं होतं.

अष्टमीचा होम आमच्या टेकडीवर भर दुपारी होतो. होम झाला की बायका रांगेनं देवीची ओटी भरतात. त्या वर्षी पावसानं लवकर काढता पाय घेतला होता आणि ऊन असं पडलं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. देवळाच्या आवाराला काळ्या दगडाची फरशी आहे. मांडव होता तो होमापुरता, रांग सगळी उन्हात. बायका एक पाय उचलायच्या, तो टेकवून दुसरा उचलायच्या. कुणी लुगड्याचा सोगा पायाखाली घेतला, कुणी पिशवी अंथरून तिच्यावर उभी राहिली. पुढच्या एका पोरीनं बाटलीतलं पाणी फरशीवर ओतलं, तर ते बघता बघता सुकलं. पडवळवहिनी रांग सोडून सावलीत पळाल्या आणि तिथूनच म्हणाल्या, देवी बघेल माझी ओटी उद्या.

शालन हलली नाही. दोन्ही हातांत ओटीचं ताट धरून ती सरळ उभी होती. डोळे मिटलेले. तोंडावर ऊन होतं आणि घाम होता, पण कपाळाला आठी नव्हती. तिच्या आगेमागे सगळ्या रांगेत नाच चाललेला आणि ही मधे स्वस्थ. हळूहळू बायकांच्या ते लक्षात आलं. एकीनं दुसरीला कोपरानं खुणावलं. कुणीतरी म्हणालं, बघा गं शालनकाकूंकडं, आईनं पायाखाली पदर घातलाय त्यांच्या. ओटी भरून ती मागं फिरली, तेव्हा दोन-तीन तरण्या सुना वाकल्या आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. शालननं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तिला इतकी शांत मी त्याआधी कधी बघितली नव्हती आणि नंतरही बघितली नाही.

मी पिंपळाखाली सावलीत होतो, पायात चपला होत्या, हातात फोन. एकशे बारा. बाण सरळ. तो आकडा मी मृणालला कळवणार, तेवढ्यात तिचाच संदेश आला, बाबा, आई कमाल आहे. मला बायकोचा अभिमान वाटला. उगाच कशाला नाही म्हणू, छाती भरून आली होती माझी.

नवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. माझी पकड, टेस्टर, जुनं मीटर असं सगळं पाटावर मांडलेलं असतं. शालननं त्यांच्या शेजारी माझा फोन ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. नऊ माळा पुऱ्या झाल्या. दसऱ्याला मृणाल पुण्याहून आली, शालननं पुरण घातलं, स्वतः अर्धी पोळी खाल्ली. मी माळ्यावरून चपला काढून दिल्या. नवरात्रात तिच्या टाचांना दरवर्षीच भेगा पडायच्या. रात्री पाटावर बसून तिनं पायांना आमसुलाचं तेल लावलं, दरवर्षीसारखंच, हाताच्या अंदाजानं. तळपाय वळवून बघणं तिच्या गुडघ्यांना जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मृणाल जायच्या आधी नवी चकती लावून गेली आणि जाताना आईला म्हणाली, आता दरवर्षी.

आकडा चढायला लागला तो त्यानंतर. आधी दोनशे, मग अडीचशे. दुपारी पुण्याहून फोन यायचा, काय खाल्लं तिनं? मी म्हणायचो, भाकरी आणि दोडका. मृणाल म्हणायची, बाबा, दोडक्यानं तीनशे होत नाही. डॉक्टर आवट्यांना फोनवरच आकडे सांगितले, त्यांनी इन्सुलिन वाढवलं आणि हसून म्हणाले, सणाचं गोड अजून उतरलं नसेल, जरा लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं. पुरणाचं उरलेलं शेजारी देऊन टाकलं. प्रसादाचे पेढे कपाटात कुलपात गेले. तरी बाण वरच.

"तू काहीतरी खातेस," एक दिवस मी म्हणालो.

"नाही हो."

"मग हे काय आहे?" मी फोन तिच्यासमोर धरला.

"देवीशप्पथ सांगते, काही खाल्लं नाही."

"देवीला मधे आणू नकोस. मीटर बघ."

त्या दिवसापासून तिनं भाकरी अर्धी केली, मग पाव केली. दोन घास खाऊन ताट सारायची आणि विचारायची, आता तरी खाली आला का? खाली येत नव्हता. अंगात कसकस होती, ती म्हणायची उपवासाचा थकवा आहे. मृणाल पुण्याहून समजावायची, रागवायची, एकदा तर रडली. आई, एवढं छान नऊ दिवस केलंस आणि आता जिभेसाठी सगळं घालवतेस, असं म्हणाली. शालननं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

मग एका सकाळी पडवळवहिनी भाजी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "भावजी, घरात काही मेलंय का? उंदीरबिंदीर?" त्यांनी विचारलं. आम्हाला सवय झाली असावी, आम्हाला वास आला नव्हता. वहिनी गेल्यावर मी कपाट पुढं ओढलं, कॉटखाली बॅटरी मारली. शालनही उठली, अनवाणीच भिंतीला धरून स्वयंपाकघरातल्या डब्यांमागं बघायला लागली. आम्ही दोघांनी सगळं घर उलथंपालथं केलं. उंदीर सापडला नाही. मी तिला विचारायला स्वयंपाकघरात गेलो, तर पांढऱ्या फरशीवर ती जिथं जिथं उभी राहिली होती तिथं तिथं पिवळट ओला डाग होता.

मी तिला खुर्चीत बसवलं आणि खाली बसून पाय वर घेतला. तिथं जे दिसलं ते मी सांगणार नाही. शालन वरून विचारत होती, काय आहे, भेग चिघळली का? तिला माझा हात लागत होता की नाही तेही तिला कळत नव्हतं.

आवट्यांनी दोन्ही पाय उजेडात धरून बघितले. नंतर विचारलं, "हे भाजलं कधी?"

शालन म्हणाली, "भाजलं नाही काही. स्वयंपाक मी पाटावर बसून करते."

"काकू, दोन्ही तळवे भाजलेत. दिवस झाले त्याला."

तेव्हा मला ती काळी फरशी आठवली. एक एक पाय उचलणाऱ्या बायका आठवल्या. मी शालनकडं बघितलं, पण तिला अजून काही आठवलं नव्हतं. ती डॉक्टरांनाच समजावत होती की असं काही झालं असतं तर मला कळलं नसतं का. आवटे खुर्चीत बसले. आत पू झाला होता, त्यानं साखर चढत होती, खाण्यानं नव्हे, असं ते हळू आवाजात मला म्हणाले. शालननं ते ऐकलं. "बघा," ती मला म्हणाली, "मी खाल्लं नव्हतं." एवढंच तिला त्यातलं महत्त्वाचं वाटलं.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात तिची आधी उजव्या पायाची बोटं काढली, मग पाऊल, आणि तेवढ्यानंही विष थांबेना तेव्हा गुडघ्याखालून पाय. डावा पाय कातडी लावून कसाबसा राखला. पाय कापल्यावर आकडा आपोआप खाली आला. एकशे वीस, एकशे दहा, बाण सरळ. साखर आता सुंदर आहे, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मृणाल खाटेशेजारी उभी राहून ती सरळ रेघ बघत होती. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि बाहेर निघून गेली. ती जिन्यात बसून रडत असल्याचं मला नर्सनं येऊन सांगितलं.

घरी आणल्यावर शालननं घटाची परात, समई, माझ्या आईच्या वेळचा तांब्या असं सगळं पडवळवहिनींकडं पाठवून दिलं. बसून करता येईल, मी सगळं हाताशी देईन, असं मी म्हणालो. ती नको म्हणाली. देव्हारा दिसू नये म्हणून तिनं कॉट दुसऱ्या खोलीत हलवून घेतली. मृणालनं खूप समजावलं, पाय गेला म्हणून देवीवर राग कशाला धरतेस आई. पुढं वर्ष-दीड वर्ष शालन होती, डाव्या पायाचंही तेच झालं आणि त्यातच ती गेली. पायासाठी तिनं कधी कुणाला दोष दिला नाही. तिचं दुखणं वेगळं होतं आणि ते मला माहीत होतं, कारण दवाखान्यात एकदाच ती माझ्याशी त्यावर बोलली होती.

त्या सकाळी पट्टी बदलायला एक तरुण डॉक्टर आला होता. चांगला मुलगा होता. आजीला अपराधी वाटू नये म्हणून तो तिला सगळं नीट समजावून सांगत होता. तुमच्या पायातल्या नसा आधीच मेल्या होत्या आजी, मुंग्या थांबल्या ना, तेव्हाच. त्यामुळं फरशीचा चटका तुम्हाला कळलाच नाही. तुमची काही चूक नाही. शालन सगळं ऐकत होती, मधे मधे मान हलवत होती. तो गेल्यावर ती जेवली, गोळ्या घेतल्या. दुपारी वॉर्डात सामसूम झाली. मला वाटलं तिला झोप लागली, तेवढ्यात ती बोलली.

"होमाच्या दिवशी सगळ्या बायका पाय उचलत होत्या. मला काही लागत नव्हतं."

"हं."

"फरशी तापलीय हे मला दिसत होतं हो. त्या पोरीनं ओतलेलं पाणी कसं उडालं ते मी बघितलं. आणि मला गार लागत होतं." तिचं तोंड छताकडं होतं. "मला वाटलं, ती आलीय. दोन वर्षं मी तिला तोंड दाखवलं नाही, तरी माझ्यासाठी आली. पायाखाली हात धरून बसलीय. म्हणून मी डोळे मिटून घेतले. हललं तर जाईल असं वाटलं."

मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"आणि हा मुलगा म्हणतो, नसा मेल्या होत्या."

"त्याला काय कळतंय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या बाजूनं बोलत होतो आणि ते मला नीट जमत नव्हतं.

"त्याला कळतंय," शालन म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी तिथं माझ्याजवळ कुणी नव्हतंच."

मला राहवलं नाही. "मी होतो की," मी म्हणालो. "सबंध वेळ होतो. पिंपळाखाली, तुझ्यासमोरच."

तिनं उशीवर मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. नुसतं होतं ते सांगितल्यासारखं ती म्हणाली,

"तुम्ही फोन बघत होता."